बाजारचे पेट्रोल : हौशी मोटारशर्यतींचे इंधन-नियम आणि जालन्याचा संदर्भ

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारशर्यतींचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा व चालकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. टाकीत काय ओतावयाचे, याविषयीचे नियम त्यात एखाद्या परिशिष्टाच्या जागी पडतात. वस्तुतः शर्यतीत कोणास उतरता येईल आणि कोणास येणार नाही, हे ठरविण्यात या नियमांचा वाटा मोठा आहे. हौशी शर्यतींच्या बाबतीत तर हा वाटा निर्णायक ठरतो. धंदेवाईक संघाच्या पाठीशी तेलकंपनीची प्रयोगशाळा उभी असते. हौशी चालकाच्या पाठीशी फार तर गावातला एक चांगला मिस्त्री असतो. अशा चालकास शर्यतीत टिकवून धरणारा नियम एकच : सर्वांनी बाजारात मिळणारे पेट्रोल वापरावे.

हा नियम दिसावयास साधा आहे. परंतु ‘बाजारचे पेट्रोल’ म्हणजे काय, हे शर्यतीची संस्था ठरवीत नाही. ते राज्यसंस्था, कर, युद्ध, शुद्धीकरण कारखाने आणि शेती ठरवितात. म्हणून या नियमाचा इतिहास शर्यतीच्या मैदानावर संपत नाही. त्याचा माग पेट्रोलपंपापर्यंत आणि तेथून पुढे उसाच्या फडापर्यंत काढावा लागतो. कुंडलिकेच्या काठचा जुना जालना हे मोटारशर्यतींसाठी प्रसिद्ध असलेले गाव नव्हे. तरीही या प्रश्नाचा विचार करण्यास ते ठिकाण सोयीचे आहे. मराठवाड्याकडे येणारे पेट्रोल ज्या मनमाड परिसरातील साठ्यांतून वितरित होते तेथील घटना आणि ज्या उसापासून पेट्रोलात मिसळावयाचा मद्यार्क निघतो त्याचे कालवा-सिंचित क्षेत्र, ही या इतिहासाची दोन्ही टोके जालन्याच्या परिसरास स्पर्श करतात.

२. मद्यार्काचे आकर्षण आणि नियमांचा उगम

इंधनावर नियम घालण्याची गरज का पडली, हे कळण्यासाठी प्रथम एक रासायनिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथिल मद्यार्कास सुमारे ९ किलो आणि मिथिल मद्यार्कास सुमारे ६.४ किलो हवा पुरते. एंजिनास एका वेळी ओढता येणारी हवा ठरलेली असते. म्हणून मिथिल मद्यार्क वापरल्यास त्याच हवेबरोबर दुपटीहून अधिक इंधन सिलिंडरात जाते. मद्यार्काचा उष्मांक पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी असला, तरी एकंदर हिशेबात शक्ती थोडी वाढते. दुसरे असे की मद्यार्काची वाफ होताना तो भोवतालची उष्णता मोठ्या प्रमाणात शोषतो. त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड राहते, एंजिन ‘नॉकिंग’ करीत नाही आणि दट्ट्याने दिलेला दाब बराच वाढविता येतो. शक्तीचा खरा लाभ येथे आहे. त्याची किंमत म्हणजे इंधनाचा प्रचंड खप.

मद्यार्काच्या शर्यतीचा आरंभ मात्र वेगाच्या हव्यासातून झाला नाही. १९०२ साली फ्रान्समध्ये ‘सर्क्यी द्यू नॉर’ ही शर्यत मद्यार्कावर चालविण्यात आली, तेव्हा तिच्या पाठीशी कृषिखाते होते. बीट आणि बटाटा यांपासून काढलेल्या मद्यार्कास देशातच गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागील हेतू होता. मोरिस फार्मान याने पानार गाडीवर ती जिंकली. शेतमालाच्या भावासाठी मोटारीच्या टाकीकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे शंभर वर्षांनी भारतात अधिक मोठ्या प्रमाणावर अवतरली, हे येथे नमूद करणे उचित होय.

दुसरा प्रकार इंधनाच्या मोजमापाचा. १९०७ च्या फ्रेंच ग्रांप्रीमध्ये दर शंभर किलोमीटरला ३० लिटर इतकी मर्यादा घालण्यात आली. द्येप येथे झालेली ही शर्यत फियाट गाडीवर फेलिचे नात्सारो याने जिंकली. आकाराने अवाढव्य होत चाललेल्या एंजिनांस आवर घालण्याचा हा मार्ग होता. मोजमाप आणि पदार्थ, अशा दोन वाटांनी पुढील सर्व इंधन-नियम चालत आलेले दिसतात.

पदार्थाविषयी मोकळीक राहिल्यास काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाले. अल्फा रोमिओच्या मिथिल मद्यार्कावर चालणाऱ्या गाड्या एका गॅलनमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन मैल जात. १९५१ साली सिल्व्हरस्टोन येथे कमी इंधन खाणाऱ्या फेरारी गाडीवर होसे फ्रोइलान गोन्सालेस याने त्यांना हरविले. १९५८ पासून आंतरराष्ट्रीय संस्थेने सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींत मद्यार्क बंद करून विमानाचे पेट्रोल सक्तीचे केले. त्या वर्षीची पहिलीच शर्यत अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉस याने छोट्याशा कूपर गाडीवर जिंकली. १९६१ पासून तेथे बाजारात मिळणारे पेट्रोलच चालेल असे ठरले.

३. हौशी वर्गाचा नियम

हौशी शर्यतींचा मार्ग यापेक्षा थोडा निराळा आहे. इंग्लंडात १९४६ च्या सुमारास ५०० घनसेंटिमीटरच्या मोटारसायकल-एंजिनांवर छोट्या गाड्या बनविण्याची चळवळ सुरू झाली. घरच्या गराजात गाडी तयार करावी आणि रविवारी ती शर्यतीत उतरवावी, ही तिची भूमिका. या वर्गात मद्यार्कावर बंदी नव्हती, आणि १९५० साली त्यास ‘फॉर्म्युला तीन’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. परंतु अल्पावधीतच ठरावीक कारखान्यांच्या गाड्या आणि काळजीपूर्वक बनविलेली इंधन-मिश्रणे यांचे वर्चस्व वाढले आणि घरगुती गाडी मागे पडली. चळवळीचा जन्म काटकसरीतून झाला होता. इंधनाच्या मोकळिकीमुळे ती काटकसर टिकू शकली नाही.

या अनुभवातून आणि अन्य अनेक अनुभवांतून बाजारच्या पेट्रोलाचा नियम रूढ झाला. आंतरराष्ट्रीय मोटारसंघाच्या नियमावलीच्या ‘परिशिष्ट जे’मध्ये त्याचे रूप स्पष्ट आहे : इंधन हे पंपावर विकले जाणारे व्यापारी पेट्रोल असावे आणि वंगणाखेरीज त्यात काहीही मिसळू नये. त्याला जोडून काही आकडे येतात. ऑक्टेन अंक ९५ ते १०२ च्या दरम्यान असावा. शिसेविरहित पेट्रोलात प्राणवायूचे वस्तुमानी प्रमाण ३.७ टक्क्यांहून अधिक नसावे. आणखी एक तरतूद आहे, व भारताच्या दृष्टीने तीच सर्वांत अर्थपूर्ण होय. शर्यतीच्या ठिकाणी मिळणारे पेट्रोल पुरेशा दर्जाचे नसेल, तर त्या देशाच्या संस्थेने आंतरराष्ट्रीय संघाकडे सवलत मागावी, असे तीत म्हटले आहे. म्हणजे ‘बाजार’ हा शब्द नियमकर्त्यांच्या मनात युरोपचा बाजार म्हणून होता. इतर देशांच्या बाजारास अपवादाच्या कलमात जागा मिळाली.

आकडे कशासाठी लागतात, हे धंदेवाईक शर्यतींच्या एका प्रसंगावरून कळते. १९८८ साली होंडा कंपनीने आपल्या शर्यती एंजिनासाठी ८४ टक्के टोल्युईन व १६ टक्के नॉर्मल हेप्टेन असे मिश्रण वापरले. त्याचा ऑक्टेन अंक बरोबर १०२ भरत होता. नियमाचे अक्षर पाळले गेले. बाजारच्या पेट्रोलाशी मात्र त्या द्रवाचा काडीमात्र संबंध उरला नव्हता. एकाच मापाने केलेली व्याख्या अशी सहज ओलांडता येते, आणि ती ओलांडण्याचे सामर्थ्य केवळ प्रयोगशाळा बाळगणाऱ्यांकडे असते.

सुरक्षिततेचाही विचार येथे केला पाहिजे. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिस येथे पेट्रोलाने भरलेल्या गाड्यांचा भीषण अपघात होऊन एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डोनाल्ड हे चालक मृत्युमुखी पडले. त्यानंतर पेट्रोलवर थेट बंदी न घालताही तेथील नियमांचा रोख मद्यार्काकडे वळला. मद्यार्काची आग पाण्याने विझते, हे त्याचे मोठे कारण. परंतु त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हा दोष पुढे ध्यानात आला. यावरून असे दिसते की एकाच पदार्थास एका खंडात समतेसाठी नाकारले गेले आणि दुसऱ्या खंडात सुरक्षिततेसाठी स्वीकारले गेले.

४. भारतातील ‘बाजार’ कसा घडला

भारतात पेट्रोल ही प्रथमपासून सरकारी नियंत्रणाची वस्तू होती. १८९९ च्या पेट्रोलियम कायद्याने साठवण व वाहतूक यांवर नियम घातले. १९१७ साली युद्धकाळी मोटार-स्पिरिटवर कर बसविणारा कायदा झाला. खाजगी खप कमी व्हावा आणि लष्करास पेट्रोल मिळावे हा त्याचा हेतू होता. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने पूर्वीच्या कायद्याची जागा घेतली. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. मोटारीची ओळख या प्रदेशास मुख्यतः सार्वजनिक वाहन म्हणून झाली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्तावाहतूक शाखेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी काम सुरू केले. मोटार हौसेने पळविण्याची वस्तू असू शकते, ही कल्पना संस्थानिक, गोरे अधिकारी आणि मुंबई-कलकत्त्याचे धनिक यांच्यापुरती मर्यादित राहिली.

१९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग आले आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या, मागे भट्टी बसविलेल्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. याच सुमारास मद्यार्काचा प्रश्न साखरधंद्यातून पुढे आला. १९३२ च्या संरक्षक कायद्यामुळे साखर कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि मळीचे काय करावयाचे, ही अडचण उभी राहिली. संयुक्त प्रांतात १९४० साली पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याविषयी कायदा झाला आणि १९४८ साली अखिल भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा आला. हा कायदा २००० साली रद्द करण्यात आला. आज मद्यार्कमिश्रित पेट्रोल ही नवी गोष्ट मानली जाते. कायद्याच्या दृष्टीने ती स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षाइतकी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर हौशी शर्यतींस विमानपट्ट्यांचा आधार मिळाला. मुंबईस जुहू, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मद्रासजवळ शोलावरम येथे शर्यती होऊ लागल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. १९७१ साली फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था निघाली. परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद असल्यामुळे फियाट, ॲम्बॅसडर, हेरल्ड याच गाड्या तासून-घासून शर्यतीस आणल्या जात. तुर्भ्याचे शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाले; परंतु सर्वसाधारण पेट्रोलचा ऑक्टेन अंक दीर्घकाळ ८७ च्या आसपास राहिला. आंतरराष्ट्रीय नियमाने सांगितलेला किमान अंक ९५. म्हणजे भारतीय चालकाचे बाजारचे पेट्रोल त्या व्याख्येत खालच्या बाजूने बसत नव्हते. या कमी अंकाच्या इंधनामुळे दट्ट्याचा दाब वाढविण्यावर आपोआप मर्यादा आली. भारतीय मिस्त्र्यांची कल्पकता त्यामुळे वजन कमी करणे, झडपांची वेळ बदलणे आणि कार्ब्युरेटरची जुळणी यांकडे वळणे स्वाभाविक होते. इंधनाच्या दारिद्र्याने सर्वांस एका पातळीवर आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

५. शुद्धतेचा प्रश्न

बाजारचे पेट्रोल हा नियम आणखी एक गोष्ट गृहीत धरतो : पंपावरचे पेट्रोल खरोखरच पेट्रोल आहे. भारतात हे गृहीत धरणे धाडसाचे होते. रॉकेल अनुदानामुळे स्वस्त आणि पेट्रोल करामुळे महाग, यातून भेसळीचा धंदा फोफावला. रॉकेलने ऑक्टेन अंक घसरतो, नॉकिंग वाढते आणि एंजिन झिजते. शर्यतीत अशा इंधनाने दट्ट्या भाजून निघतो. रस्त्यावर ते सर्वांच्याच खिशास आणि फुप्फुसास भोवते. १९९८ आणि २००५ साली केंद्र सरकारने मोटार-स्पिरिटच्या पुरवठ्याविषयी आदेश काढून भेसळीस आळा घालण्याचा प्रयत्न केला.

हा प्रश्न किती गंभीर होता, याची साक्ष मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच मिळते. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलकंपन्यांचे मोठे साठे आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी तेथे तेलाच्या चोरट्या व्यवहारास अटकाव करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. मोटारशर्यतीच्या नियमपुस्तकातील ‘व्यापारी पेट्रोल’ या दोन शब्दांमागे अशी किंमत मोजणारी माणसे उभी असतात, हे इतिहासकारास विसरता येत नाही.

ग्राहकाच्या हाती असलेली साधने मात्र साधी आहेत. गाळणकागदावर थेंब टाकून डाग राहतो का पाहणे आणि घनता मोजणे, या दोन चाचण्या कोणाही ग्राहकास पंपावर मागता येतात. मोजपात्रात पाणी घालून मद्यार्काचे प्रमाणही अजमाविता येते, कारण मद्यार्क पेट्रोल सोडून पाण्यात उतरतो. परदेशांतील हौशी क्लबांतही तपासणीची पद्धत मूलतः अशीच अल्पखर्ची आहे : इंधनाचा विद्युत्-स्थिरांक एका छोट्या यंत्राने मोजावयाचा आणि प्रमाण नमुन्याशी ताडून पाहावयाचा. ज्या नियमाची तपासणी हौशी क्लबास परवडत नाही, तो नियम हौशी शर्यतीत केवळ कागदावर राहतो.

६. शिशापासून उसापर्यंत

ऑक्टेन अंक वाढविण्याचा जुना उपाय म्हणजे शिशाचे संयुग. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने त्याचा शोध लावला. आरोग्यावरील परिणामांमुळे ते पुढे देशोदेशी बंद होत गेले. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले. त्याची जागा अंशतः मद्यार्काने घेतली. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली १० टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोलचे वितरण सुरू झाले आणि २०२५ साली ते देशभर सर्वसाधारण झाले.

येथे जालना जिल्ह्याचा संबंध पुन्हा येतो. १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस वाढला. अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाचा रस, मळी आणि धान्य यांपासून निघणारा मद्यार्क आता देशाच्या पेट्रोलाचा भाग आहे. त्याचा पुरवठा पावसावर अवलंबून असतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या तुटीमुळे केंद्र सरकारने रसापासून मद्यार्क काढण्यावर निर्बंध घातले होते. दुष्काळाशी नित्य परिचय असलेल्या मराठवाड्यात हा ऊस किती पाणी पितो, हा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाचा आहे. मात्र पंपावरील पेट्रोलाचे मिश्रण आता हवामानाशीही बांधले गेले आहे, एवढे येथे स्पष्ट होते.

शर्यतीच्या नियमांवर याचा परिणाम विलक्षण आहे. इथिल मद्यार्काच्या वस्तुमानात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. १० टक्के मिश्रणात त्यामुळे प्राणवायू सुमारे ३.७ टक्के येतो, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या बरोबर काठावर. २० टक्के मिश्रणात तो ७ टक्क्यांच्या वर जातो. त्याच वेळी मद्यार्कामुळे ऑक्टेन अंक मात्र ९५ पर्यंत पोहोचला. अनेक दशके ऑक्टेन कमी म्हणून अपवादात पडणारे भारतीय पेट्रोल ती अट पूर्ण करू लागताच प्राणवायू अधिक म्हणून जुन्या व्याख्येबाहेर गेले. भारतीय चालक दोन्ही काळी बाजारचेच पेट्रोल वापरीत होता. त्याच्या हातून काहीही बदललेले नाही.

याहून महत्त्वाचा बदल देशांतर्गत आहे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल प्रथम दहा शहरांत विकावयास काढले. त्यात मुंबई आणि पुणे होती. दिल्लीतील त्याचा आरंभीचा भाव लिटरला १६० रुपये होता, म्हणजे साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. हेही पंपावर मिळणारे, व्यापारी, कायदेशीर पेट्रोल आहे. त्यामुळे ‘बाजारचे पेट्रोल वापरावे’ या नियमात आता दोन बाजार मावतात : एक मोठ्या शहरातल्या सधन चालकाचा, दुसरा लहान गावातल्या चालकाचा. समतेसाठी जन्मलेला नियम शब्दशः पाळूनही विषमता निर्माण होऊ शकते, ती येथे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीस तर अधिक मद्यार्कासाठी जेट बदलावे लागतात आणि रबरी नळ्या व सील तपासावे लागतात. ही तोशीस ज्याची गाडी जुनी, त्याच्याच वाट्यास येते.

७. उपसंहार

या पेचातून निघण्याची वाट विद्यार्थ्यांच्या स्पर्धांनी दाखविली आहे. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फॉर्म्युला एसएई’ स्पर्धेत इंधन आयोजक स्वतः पुरवितात. पेट्रोल घेणाऱ्या गाडीच्या हवामार्गास २० मिलिमीटरचा, तर ८५ टक्के मद्यार्कमिश्रण घेणाऱ्या गाडीस १९ मिलिमीटरचा आवर घालावा लागतो. मद्यार्काचा लाभ एका मिलिमीटरने वजा करण्याची ही युक्ती या लेखात वर्णिलेल्या रासायनिक हिशेबावरच आधारलेली आहे. भारतातही अशा स्पर्धा रूढ झाल्या असून महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ त्यांत नियमाने उतरतात. हौशी शर्यतींच्या आयोजकांनी एकाच साठ्यातून सर्वांस इंधन दिले, तर बाजाराच्या दुभंगाचा प्रश्न त्या दिवसापुरता तरी मिटतो.

इंधन-नियमांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा : मोकळीक दिली की प्रयोगशाळा जिंकते, आकड्यांनी बांधले की आकड्यांतून वाट काढणारे जिंकतात, बाजारावर सोपविले की ज्याचा बाजार समृद्ध तो जिंकतो. या तिन्ही अवस्थांत हौशी चालकाचे हित एकाच गोष्टीत राहिले आहे, व ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टाकीत आणि आपल्या टाकीत तेच इंधन आहे, याची त्यास स्वतः खात्री करून घेता येणे. कादराबादेच्या गराजात तासलेल्या गाडीस पुण्याच्या गाडीशी बरोबरीने उभे राहता यावे, ही अपेक्षा माफक आहे. ती पुरी होण्यासाठी नियमकर्त्यांनी ‘बाजार’ हा शब्द गृहीत न धरता प्रत्येक पिढीत नव्याने तपासून पाहणे अगत्याचे आहे.